बोदवडपर्यंत टिकणारा हात

बारा वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्या वेल्डरशी खोटं बोललो. ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या शेठकडे तेव्हा नोकरीला होतो त्यांना नाही, आणि ज्यांच्याशी बोललो त्या आबांना तर नाहीच. खोटं तसं फार मोठंही नव्हतं. "पोतं टाकायला विसरलो, आबा." बस, एवढंच. पण त्यानंतर धुळ्यातल्या सगळ्यात चांगल्या वेल्डरने रॉड हातात धरला नाही, तो आजतागायत.

हे सांगायचं तर आधी आबा सांगायला हवेत, आणि इथेच माझी पंचाईत होते. आबा आठवायला बसलं की हसू येतं. कबुली द्यायला बसलेल्या माणसाने हसणं बरं दिसत नाही. पण आबांचं सगळंच तसं होतं, त्याला मी काय करू?

आबा धुळ्याला देवपुरात राहायचे, अजूनही तिथेच राहतात. आमच्या शेठचं वर्कशॉप जळगावला. शेड, गोदामं, पाण्याच्या टाक्यांखालचे लोखंडी सांगाडे अशी कामं. मी तिथे सुपरवायझर. आबा आमच्या नोकरीत नव्हते. मोठं काम आलं की शेठ निरोप धाडायचे आणि आबा स्वतःचं मशीन टेम्पोत टाकून यायचे. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी असली तरी हा माणूस मागे, मशीनजवळ, धुळ्यापासून जळगावपर्यंत धूळ खात बसलेला.

"आबा, पुढे बसायचं ना!"

"तिले एकटीले करमत नही," आबा म्हणायचे. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही.

'ती' म्हणजे चार माणसांनी मिळून उचलावं असं तेलाचं जुनं वेल्डिंग मशीन. पत्र्याची टाकी, आत तेल, तेलात तांब्याची वेटोळी. उन्हाळ्यात तिच्यावर ओलं पोतं, थंडीत गोधडी. ही गोधडी अक्कांनी, म्हणजे आबांच्या बायकोने, शिवलेली. अक्का मूळच्या बोदवडच्या. चाळीस वर्षं देवपुरात काढूनही त्यांनी आपली बोली बदलली नाही. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "भाऊ, मले थंडी वाजली तं हे म्हनतीन शाल घे. मशीनले वाजली तं माह्या अंगावरची गोधडी वढून नेतीन." आबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "तू बोलस, ती बोलत नही. तिनं दुखनं आपलेच वयखनं पडस."

मशीनचं दुखणं ओळखायची आबांची एक रीत होती. आमचे बाकीचे वेल्डर घड्याळ लावून मशीनला विश्रांती द्यायचे, किंवा द्यायचेच नाहीत. आबा दोन-तीन रॉड जाळले की काळी काच बाजूला ठेवायचे, हातमोजा काढायचे आणि उजवा तळहात टाकीच्या झाकणावर टेकवून स्टेशनांची नावं घ्यायचे. जळगाव. भादली. भुसावळ. वरणगाव. बोदवड. सावकाश, प्रत्येक नावानंतर जरासं थांबून. भुसावळला थोडं जास्तच थांबायचे, जंक्शन आहे म्हणून. हात बोदवडपर्यंत टिकला तर मशीन ठीक. वरणगावला उचलावा लागला तर एक विडी होईपर्यंत आराम. भुसावळलाच चटका बसला तर मशीन बंद, त्यावर ओलं पोतं, आणि आबा सावलीत लवंडायला मोकळे.

"बोदवडच का हो आबा?" मी एकदा विचारलं.

"सासरवाडी शे. तठे जाईपर्यंत दम निंघना म्हनजे बठ्ठं ठीक शे समज."

हे सुरुवातीला मशीनपुरतं होतं, पुढे त्यांनी ते सगळीकडे लावलं. चहाचा ग्लास हातात धरायचे, 'वरणगाव' म्हणायचे आणि प्यायचे. बोदवडचा चहा त्यांच्या मते गार, तो परत जायचा. चुलीवरचा तवा भाकरी टाकण्याजोगा झाला की नाही ते अक्का त्यांनाच विचारायच्या. तव्यावर वीतभर वरून हात धरून आबा स्टेशन सांगायचे. गल्लीतल्या बाया तापाने फणफणलेली लेकरं घेऊन यायच्या. आबा कपाळावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे. "वरनगाव शे. घाबरू नको, पट्ट्या ठेव. भुसावय व्हयनं म्हनजे डॉक्टरकडे जाय." बाया समाधानाने घरी जायच्या. घरात थर्मामीटर असलेल्यासुद्धा यायच्या, हे मी स्वतः पाहिलंय.

मला ते 'डिप्लोमा' म्हणायचे. मी यंत्रशाखेचा डिप्लोमा केलाय हे शेठनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, ती चूक झाली. "ओ डिप्लोमा, पानी आन रे भो." "डिप्लोमा, हाई पट्टी सरळ शे का वाकडी, तुन्हा पुस्तकमा दख." एकदा मी नकाशा पुढे धरून त्यांच्याशी वाद घातला की इथे वेल्डिंग अमुक जाडीचंच पाहिजे, कागदावर लिहिलंय. आबांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत दिला. "कागदवर लिखेल शे तं कागदलेच वेल्डिंग करू दे," म्हणाले आणि भाकरी खायला निघून गेले. सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसलो, पण ते मनात कुठेतरी राहिलं. हे आज मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे केलं त्यात याचाही वाटा असावा.

दुसऱ्याचं वेल्डिंग ते अक्षरासारखं ओळखायचे. एखाद्या जुन्या गेटजवळ उभं राहून म्हणायचे, "हाऊ सावदाना शे. केयीना ट्रक भरता भरता शिकेल. दख, कशी घाई शे." आणि दहातल्या आठ वेळा माणूस खरंच केळीवाल्या सावद्याचा निघायचा. स्वतःचं वेल्डिंग त्यांनी कधी ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलं नाही. गिऱ्हाइकाने मागितलं तरी नाही. "घासनारा माणूस काहीतरी लपाडस," असं त्यांचं म्हणणं.

तर असे आबा, आणि अशात शेठना लडाखचं काम मिळालं.

लेहच्याही पुढे, चौदा हजार फुटांवरच्या एका गावात पाण्याच्या टाकीखालचा सांगाडा आणि एक शेड उभी करायची होती. सुटे भाग जळगावहून ट्रकने न्यायचे, तिथे जोडायचे, आणि बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत खाली उतरायचं. शेठ मला म्हणाले, "हे काम वेळेत करून आण, पुढच्या सगळ्या साइटींचा इनचार्ज तू." मी आबांना घेतलं. आबांनी मशीन घेतलं. अक्कांनी भाकरीसाठी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचं पोतं दिलं आणि गोधडी दिली. गोधडी कोणासाठी आहे ते कोणी विचारलं नाही.

तिथे पोहोचल्यावर आबा ट्रकमधून उतरले, दहा पावलं चालले आणि एका दगडावर बसले. बराच वेळ नुसते छातीचा भाता हलवत राहिले. मग म्हणाले, "डिप्लोमा, आठे हवामा पानी टाकेल शे."

दूधवाल्याने दुधात घालावं तसं. मला आजवर विरळ हवेची यापेक्षा चांगली व्याख्या मिळालेली नाही.

पहिले दोन दिवस नुसते पडून काढायचे होते, त्या उंचीची सवय व्हायला. तिसऱ्या दिवशी डाळीने घोटाळा केला. कुकर आणायचा राहिला होता. पातेल्यात पाणी खदखदा उकळत होतं, पण तूरडाळ चार तासांनीही दाताखाली कचकच. आचारी चुलीला शिव्या देत होता. आबा उठले, पातेल्याच्या वाफेवर हात धरला, स्टेशनं म्हटली आणि परत म्हटली. मग माझ्याकडे वळले.

"उकयस, पन तापत नही."

"हवेचा दाब कमी आहे, आबा. म्हणून."

"ते तू म्हनस. मी काय म्हनस, आठली हवा ऊब धरत नही. मंग मन्ही मशीननी ऊब कोन लई जाई?"

मी हसलो. सकाळी बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरत होता. कानटोपी काढली की कान दुखायचे. "आबा, जळगावच्या मे महिन्यात चालणारं मशीन ते. इथे तर आपोआप गार राहील. एवढी थंडी आहे!"

"थंडी शे रे भो," आबा म्हणाले. "पन हवा कोठे शे?"

पुढे कितीतरी वर्षांनी एका नव्या मशीनच्या पुस्तिकेत मी हेच वाचलं. उंचावर हवा विरळ असते, ती मशीनची उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून विश्रांती जास्त द्यावी. डिप्लोमाच्या तिन्ही वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी मागच्या बाकावर असेन. आबांना ते डाळीने सांगितलं.

काम सुरू झालं आणि लगेच कळलं की जनरेटरलाही धाप लागते. तो निम्म्याच जोराने चालायचा, रॉड लोखंडाला चिकटून बसायचे. आबांनी नेहमीचा दहा नंबरचा रॉड सोडून बारा नंबरचा, म्हणजे जरा बारीक, रॉड घेतला. रॉडचे पुडे ते आपल्या अंथरुणात घेऊन झोपायचे, थंडी लागू नये म्हणून. लोखंड आधी शेगडीवर शेकायचे, मग वेल्डिंग. इथपर्यंत ठीक होतं. पण एक रॉड जळाला की हात झाकणावर, आणि वरणगावला हात वर. मग वीस-पंचवीस मिनिटं मशीन बंद. तेवढ्यात आबा मशीनशेजारी बसून तिथल्या मजुरांना मोडक्या हिंदीत भरिताची वांगी कशी भाजायची ते समजावून सांगायचे. मजूर मशीनला 'आराम मशीन' म्हणायला लागले. दिवसाला पंधरा रॉड. कधी अठरा.

इकडे शेठचा फोन. गावामागच्या एका टेकाडावर चढलं की रेंज यायची. धापा टाकत वर जायचं आणि वरून शेठचं ऐकायचं. "अजून टाकीच चालू आहे? बर्फ काय तुझ्या सासऱ्याचा आहे का थांबायला?"

मी खाली येऊन आबांना म्हणायचो, "आबा, जरा भराभर."

"भराभर मी करस रे. पन तिले दम लागस. तुले दम लागस तवय तू टेकडवर पयत जास का?"

आता तो दिवस.

सकाळपासून आबांचं डोकं ठणकत होतं. मीच त्यांना आमच्या तंबूत जाऊन पडायला सांगितलं. तंबू लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला होता; कामाचा आवाज तिथवर जायचा नाही. खालच्या वळणावर सिमेंटचा ट्रक अडकला होता, तिथे सगळे मजूर गेले. आबा जाताना म्हणाले, "मशीनवर ओलं पोतं टाकी ठेव. आठलं ऊन वाईट शे." खरंच वाईट होतं. सावलीत हुडहुडी आणि उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही, असं ते ऊन.

मी एकटा उरलो. समोर शेडचे जोडतुकडे पडले होते, बावीस. सांगाड्याचे नव्हेत, शेडच्या कडेच्या पट्ट्यांचे. साधं काम. वर्कशॉपमध्ये मी थोडंफार वेल्डिंग करायचो. म्हटलं, हे एवढं उरकून टाकू, आबांचे दोन दिवस वाचतील. मी जनरेटरवरचं बाकीचं सगळं बंद केलं, दहा नंबरचा रॉड लावला, करंट पूर्ण वाढवला आणि बसलो.

दोन तास. मध्ये एकदाही मशीन बंद केलं नाही. मला घाई होती. याशिवाय दुसरं काही कारण होतं का ते मी बारा वर्षं शोधतोय. आबांना दाखवून द्यायचं होतं का? असेल. पण दाखवायचंही धैर्य नव्हतं, कारण काम संपल्यावर मी ते बावीसही तुकडे ग्राइंडरने घासले, वर रेडऑक्साइडचा तांबडा रंग फासला आणि ताडपत्रीखाली सारले. माझं अक्षर आबांनी लांबूनही ओळखलं असतं.

ताडपत्री ओढून पाच-सात मिनिटं झाली असतील, तोच आबा तंबूतून आले. डोकं दुखायचं थांबलं होतं. आल्या आल्या, सवयीने त्यांनी झाकणावर तळहात ठेवला.

"जयगाव. भादली..."

हात उचलला गेला.

आबांनी आधी हाताकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग माझ्याकडे. "मशीन चालू व्हतं का रे?"

खरं सांगायला तो एक क्षण पुरेसा होता. ते चार शिव्या देतील, दिवसभर मशीनला हात लावणार नाहीत, संध्याकाळी सगळ्यांसमोर माझा डिप्लोमा काढतील, एवढंच झालं असतं. मी म्हणालो, "पोतं टाकायला विसरलो, आबा. ऊन लागलं तिला."

आबा हसले. खरंच हसले. "इतला शिकेल माणूस, अन पोतं टाकता येस नही."

त्यांनी स्वतः पोतं भिजवलं, टाकलं. पुन्हा हात ठेवला. जरा घुटमळले, हे मला दिसलं. पण उन्हाने तापलेला पत्रा वरवर तापतो, तो दहा मिनिटांत निवतो. आतून तापलेल्या तेलाला दोन तासही पुरले नसते. आबा उन्हाच्या हिशेबाने थांबले. दहा मिनिटांनी त्यांनी काळी काच डोळ्यांवर घेतली आणि सांगाड्याच्या पायाशी बसले. पहिला रॉड नीट जळाला. दुसऱ्या रॉडला मशीनचा आवाज बदलला, घशात काही अडकावं तसा. आबांनी झटकन रॉड वर उचलला. तेवढ्यात झाकणाच्या फटीतून धूर आला आणि जळक्या तेलाचा वास सगळीकडे पसरला.

मी धावत जाऊन जनरेटर बंद केला. मागे वळून पाहिलं तर आबांनी दोन्ही तळहात झाकणावर टेकवले होते. स्टेशनं म्हणत नव्हते. हात उचलतही नव्हते. शेवटी मी मनगटं धरून ते बाजूला केले. तळवे लालबुंद झाले होते.

"गरम लागनं व्हतं रे मले," ते म्हणाले. "हातले लागनं व्हतं. पन आतलं गरम अन वरलं गरम मले समजनं नही."

"होतं असं कधी कधी, आबा. जुनं मशीन होतं."

"मशीनना काय दोष नही." मग आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "हात गया, डिप्लोमा."

दुसऱ्या दिवशी सिमेंटचा रिकामा ट्रक खाली जाणार होता. आबा त्यात मशीन घेऊन बसले. मागे, तिच्याजवळ, गोधडी तिच्यावर टाकून. ताडपत्रीखालचे तुकडे त्यांनी पाहिलेच नाहीत. खालच्या एका साइटवरून मी दुसरा वेल्डर आणि दुसरं मशीन मागवलं, काम बर्फाआधी संपलं. टेकाडावर चढून शेठना सांगितलं, "आबांच्या हातून मशीन जळालं." पुढच्या सगळ्या साइटींचा इनचार्ज मी झालो. आता शेठ नाहीत, मीही ती नोकरी सोडली, पण ती शेड तिथे उभी आहे आणि तिच्यात माझे बावीस घासलेले तुकडे आहेत.

परत आल्यावर मी देवपुरात गेलो. म्हटलं, मशीन भरून आणू, नवीन वेटोळी टाकली की पहिल्यासारखं होईल. आबा ओट्यावर बसले होते. "मशीन भरनारा शेतस रे," म्हणाले. "हात कोन भरी देई?"

मला वाटलं, महिना-दोन महिन्यांत विसरतील. आबा नाही विसरले. शेठनी दोनदा निरोप धाडला, आबांनी दोन्ही वेळा सांगून पाठवलं की हात गेलेल्या माणसाला टाकीच्या कामावर बोलावू नका, वर पाणी असतं आणि खाली माणसं. हे त्यांनी रागाने नाही, अगदी समजावून सांगितलं. त्यांच्या दृष्टीने त्यात दुःख कमी आणि नियम जास्त होता.

मशीन आता अंगणात आहे. अक्का त्याच्या झाकणावर कुरडया वाळवतात. ऊन लागलं की झाकण मस्त तापतं, कुरडया लवकर वाळतात. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन दाखवून लडाखची गोष्ट सांगतात, डाळीपासून सुरुवात करून. फार मजेदार सांगतात. हवेत पाणी टाकलंय तिथे सगळे हसतात, आराम मशीनला हसतात, आणि शेवटी आबा उजवा तळहात पुढे करून म्हणतात, "अन हाऊ गडी मन्हासंगे खोटं बोलना." तिथेही लोक हसतात. मीही त्या ओट्यावर बसून हसलोय. एकदा नाही, कितीतरी वेळा.

गल्लीतल्या बाया तापलेली लेकरं घेऊन यायच्या बंद झाल्या. सुरुवातीला यायच्या, आबाच हात जोडून परत पाठवायचे. तव्याचं आता अक्कांचं अक्का बघतात.

दरवर्षी एकदा मी सावद्याहून केळी घेऊन देवपुरात जातो. प्रत्येक वेळी धुळ्याच्या वेशीवर ठरवतो की आज सांगायचं. पांझरा नदीच्या पुलापर्यंत वाक्यही तयार असतं. ओट्यावर बसलो की आबा म्हणतात, "ऊना का डिप्लोमा!" आणि मी केळ्यांचं बोलायला लागतो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा आबा बरेच थकलेले दिसले. अक्कांनी दोन ग्लास चहा आणला. आबांनी आपला ग्लास हातात घेतला, धरून ठेवला. ओठांना लावला नाही. माझ्यासमोर धरला.

"दखजो रे भो. गरम शे का?"

हे ते गेली काही वर्षं करतात. घरात अक्कांना विचारतात, बाहेर जो शेजारी असेल त्याला. चहा, आंघोळीचं पाणी, सगळंच. ज्या माणसाने अर्ध्या गल्लीचा ताप पाहिला, तो चहा गरम आहे का म्हणून दुसऱ्याला विचारतो.

मी काही बोलायच्या आत अक्का दारातून म्हणाल्या, "भाऊ, तुमी तठीच व्हते ना? मले एक सांगा, यांच्या हाताले खरंच काही झालं व्हतं का? डॉक्टरले दाखवलं, तो म्हने हात चांगला हाये."

आबा माझ्याआधी बोलले. "त्याले काय इचारस? तो काय सांगी? त्यानी तं उलटं पोताना दोष सोतावर लिना. मी बठ्ठासले सांगस, डिप्लोमा खरा माणूस शे. दुसरा राहता तं म्हनता, मी पोतं टाकेल व्हतं."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. आबांचा हात तसाच पुढे, ग्लास धरलेला.

मी ग्लास हातात घेतला. चटका बसला. भादलीच्या आतच.

"गरम आहे, आबा."

"हां," आबा म्हणाले. त्यांना माझं पटलं, नेहमीसारखंच. त्यांनी ग्लास परत घेतला आणि फुंकर घालत हळूहळू चहा प्यायले.

आबा हे वाचणार नाहीत. पेपरातल्या निधनवार्ता आणि, शेत नसताना, कापसाचे भाव, याखेरीज ते काही वाचत नाहीत. तेही अक्का वाचून दाखवतात. त्यामुळे लिहिलं म्हणून माझी सुटका झाली असं मी समजत नाही. पैसे देणं लागावं तसं मी आबांना एवढं सांगणं लागतो: त्या दिवशी मशीन दोन तास चालू होतं, ते मी चालवलं होतं, आणि तुमचा हात बरोबर होता. हे देवपुरात जाऊन, त्यांच्यासमोर बसून, अक्कांना ऐकू जाईल असं सांगायचं अजून बाकी आहे.